'माझं गणित कच्चं आहे' हे वाक्य वर्गातून कसे घालवावे?

वर्गशिक्षिका (सातारा जिल्हा)

नमस्कार. मी एका ग्रामीण माध्यमिक शाळेत नववी आणि दहावीला गणित शिकवते. आजूबाजूच्या वाड्या-वस्त्यांवरच्या शाळांतून मुले आमच्याकडे येतात आणि नववीत पोहोचेपर्यंत त्यांपैकी बऱ्याच जणांनी स्वतःचा निकाल लावून टाकलेला असतो. 'बाई, माझं गणित पहिल्यापासून कच्चं आहे', 'भूमिती आपल्या डोक्यावरून जाते', 'आमच्या घरात कुणालाच गणित येत नाही' ही वाक्ये मुले तक्रारीच्या सुरात बोलत नाहीत, आपले आडनाव सांगावे तितक्या सहजपणे बोलतात. पालकसभेत वडील मुलाच्या देखतच 'हा ढ आहे, पस्तीस पडले तरी पुष्कळ' असे म्हणतात, आणि आम्हा शिक्षकांच्या खोलीतही 'मागची रांग सोडून द्या' असे शब्द ऐकू येतात.

मला त्यांचा परिणाम रोज दिसतो. 'कच्चं आहे' म्हणणारा मुलगा उदाहरण वाचायच्या आधीच पेन खाली ठेवतो. 'बाई, दुसऱ्या पायरीनंतर अडलंय' असे म्हणणारी मुलगी वही घेऊन टेबलापाशी येते. वर्षाच्या सुरुवातीला दोघांचे चाचणीतले गुण जवळजवळ सारखेच असतात.

आता असे सुचवण्यात आले आहे की, परिपाठात सर्व मुलांनी रोज 'मी हुशार आहे, मला सर्व काही जमते' असे मोठ्याने म्हणावे आणि नकारार्थी बोलणाऱ्याला छोटासा दंड करावा. हेतू चांगला आहे, पण माझे मन घेत नाही. बोलण्यातले शब्द बदलल्याने काम खरोखर बदलते का, आणि बदलत असेल तर नेमके कोणते शब्द बदलावेत?

समुपदेशक (नाशिक)

बाई, तुमची शंका रास्त आहे. 'मी हुशार आहे' या वाक्याची ज्या मुलाला सर्वांत जास्त गरज आहे, त्यालाच ते सर्वांत जास्त खोटे वाटते. कॅनडातील मानसशास्त्रज्ञ जोआन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही जणांना 'मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे' हे वाक्य पुन्हापुन्हा म्हणायला सांगितले होते. ज्यांच्या मनात स्वतःविषयी आधीच कमीपणाची भावना होती, त्यांना त्यानंतर बरे वाटण्याऐवजी अधिक वाईट वाटले. तोंडाने एक म्हणावे आणि मनाने लगेच त्याविरुद्धचे पुरावे समोर मांडावेत, असे त्यांचे होत असावे. दंडाची कल्पना तर पूर्णपणे सोडून द्या, कारण दंडाच्या भीतीने मुले अडचण बोलून दाखवणेच बंद करतील आणि तुम्हाला ती कळण्याचा एकमेव मार्ग बुजेल.

दुसरी गोष्ट 'हुशार' या शब्दाची. क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांनी १९९८ साली अमेरिकेतील पाचवीच्या मुलांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. पहिला कोडेसंच सोडवून झाल्यावर काही मुलांना 'तू हुशार आहेस' असे सांगितले गेले आणि काहींना 'तू चांगली मेहनत घेतली असशील' असे. त्यानंतर मुद्दाम अवघड संच देऊन सर्वांना अपयशाचा अनुभव दिला. पुढच्या, पहिल्याइतक्याच सोप्या संचात 'हुशार' ठरवलेल्या मुलांची कामगिरी घसरली, तर मेहनतीचे कौतुक झालेल्यांची सुधारली. मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते हे की, आपले गुण इतर मुलांना लिहून कळवायला सांगितले तेव्हा 'हुशार' गटातील ३८ टक्के मुलांनी ते वाढवून लिहिले. कौतुकाच्या एका शब्दाने त्यांच्यावर तो शब्द सांभाळण्याचे ओझे टाकले होते.

म्हणून 'ढ' च्या जागी 'हुशार' लावल्याने फार काही साधत नाही, कारण दोन्ही शब्द मुलावर शिक्का मारतात. मार्टिन सेलिग्मन यांनी अपयशाचे स्पष्टीकरण माणूस स्वतःला कसे देतो याचा दीर्घ अभ्यास केला. कारण कायमचे आहे आणि ते सगळीकडे लागू आहे, असे ज्याला वाटते तो लवकर हात टेकतो. 'माझं गणित पहिल्यापासून कच्चं आहे' या एका वाक्यात या दोन्ही गोष्टी आहेत: 'पहिल्यापासून' म्हणजे कायमचे आणि 'गणित' म्हणजे सगळेच. त्याऐवजी 'समरूप त्रिकोणांची कोणती कसोटी कुठे लावायची हे मला अजून कळत नाही' असे मुलाला म्हणता आले, तर ते वाक्य खरेही असते आणि पुढचे काम कोणते हेही सांगते. सकारात्मकतेपेक्षा अचूकपणाचा आग्रह धरा, एवढेच माझे म्हणणे आहे.

अभ्यासिका (पुणे)

मी सदाशिव पेठेत राहून राज्यसेवेची तयारी केली आणि आता त्याच क्षेत्रात शिकवतो. माझ्या अनुभवात 'जमत नाही' या शब्दांपेक्षा जास्त हानी 'च' या एका अक्षराने होते. 'यंदा पोस्ट निघालीच पाहिजे', 'माझा नंबर लागलाच पाहिजे', 'नाही निघाली तर गावी तोंड दाखवायला जागा नाही', अशी भाषा इथल्या अभ्यासिकांमध्ये रात्रंदिवस चालते. बोलणाऱ्याला ती जिद्द वाटते, पण पूर्वपरीक्षेच्या सकाळी हात थरथरतात ते याच वाक्यांमुळे.

अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये विवेकनिष्ठ मानसोपचाराची मांडणी सुरू केली ती नेमकी या हट्टाग्रहावर बोट ठेवून. आपल्याकडे कि. मो. फडके यांनी ती विचारपद्धती रुजवली. इच्छा कितीही तीव्र असली तरी तिचे रूपांतर अटीत करू नये, हे त्या पद्धतीचे सार आहे. 'पोस्ट निघावी अशी माझी मनापासून इच्छा आहे, नाही निघाली तर मला फार त्रास होईल, पण मी तो सहन करू शकेन आणि दुसरा मार्ग शोधू शकेन' हे वाक्य लांबलचक आहे आणि घोषणेसारखे म्हणता येत नाही, तरीही ते मनाशी पक्के करणारे विद्यार्थी परीक्षेत अधिक शांत असलेले मी पाहिले आहेत. दहावीच्या मुलांना आपण 'आयुष्याचा प्रश्न आहे' असे सांगतो, तेव्हा हाच 'च' त्यांच्या डोक्यात भरत असतो.

आणखी एक उपयोगी सवय म्हणजे संकल्पाची वाक्ये 'जर-तर' च्या साच्यात बोलणे. 'उद्यापासून जोरात अभ्यास करणार' यात कधी, कुठे, काय हे काहीच नाही. 'सकाळचा चहा झाला की आधी सीसॅटचे (पूर्वपरीक्षेतील आकलन आणि तर्काच्या पेपरचे) दोन उतारे सोडवीन' यात ते सर्व आहे. पीटर गोलविट्झर आणि पास्कल शीरन यांनी २००६ मध्ये अशा ९४ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा या पद्धतीचा परिणाम मध्यम ते मोठा आढळला होता.

निवृत्त पर्यवेक्षक

वरील दोन्ही प्रतिसाद मला पटले, तरी एक इशारा द्यावासा वाटतो. 'क्षमता मेहनतीने वाढू शकते' या मानसिकतेविषयीच्या कल्पना शाळांमध्ये पोहोचल्या तेव्हा त्यांच्याकडून फार मोठ्या अपेक्षा केल्या गेल्या. इंग्लंडमध्ये शिक्षकांना प्रशिक्षण देऊन दहा-अकरा वर्षांच्या सुमारे ५००० मुलांवर केलेल्या चाचणीचा अहवाल २०१९ साली आला आणि त्यात भाषेत किंवा गणितात वेगळी प्रगती दिसली नाही. त्याच वर्षी अमेरिकेतील नववीच्या सुमारे १२००० विद्यार्थ्यांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात मागे पडलेल्या मुलांचे गुण वाढले, परंतु थोडेच, आणि जिथे सोबतची मुलेही आव्हान स्वीकारणारी होती तिथे ते अधिक वाढले. म्हणजे एकट्या मुलाची जीभ वळवून भागत नाही. वर्गात चूक दाखवणे सुरक्षित आहे की नाही, यावर पुष्कळ अवलंबून आहे.

ज्या मुलाला अपूर्णांकांची बेरीज येत नाही, त्याने 'अजून' हा शब्द कितीही वेळा वापरला तरी वर्गसमीकरण सुटणार नाही. त्याला पाचवी-सहावीचे गणित पुन्हा शिकवावे लागेल. ते शिकवण्याची तयारी नसेल, तर शब्द बदलण्याचा आग्रह म्हणजे आपले काम मुलाच्या माथी मारणे होईल, आणि याचा मला मनापासून राग येतो.

तरीही मी शब्दांना गौण मानत नाही. तुमच्याच जिल्ह्यात २०११ साली 'नकुशी' किंवा 'नकोशी' अशी नावे असलेल्या अडीचशेहून अधिक मुलींचे जाहीर समारंभात नामकरण झाले. मुलगी नको असताना झाली, एवढ्याच कारणाने ते नाव ठेवलेले असे आणि शाळेच्या हजेरीत ते रोज पुकारले जाई. नवीन नावाने त्यांच्या घरची परिस्थिती बदलली नसेल, पण चारचौघांत दररोज होणारा अपमान थांबला. 'ढ' या शब्दाकडेही मी त्याच नजरेने पाहतो. तो बंद केल्याने गुण वाढोत वा न वाढोत, तो बंद झाला पाहिजे.

वर्गशिक्षिका (सातारा जिल्हा)

तिघांचेही मनःपूर्वक आभार. परिपाठातील घोषणेऐवजी मी मुख्याध्यापकांपुढे वेगळा प्रस्ताव ठेवणार आहे. गृहपाठाच्या वहीत न सुटलेल्या उदाहरणाखाली मुलाने 'मी या पायरीपर्यंत आलो, पुढे अमुक कळले नाही' असे एक पूर्ण वाक्य लिहावे, आणि अशा वाक्याला कोऱ्या जागेपेक्षा जास्त मान मिळावा. नववीच्या सुरुवातीला अपूर्णांक, गुणोत्तर आणि बैजिक राशींची उजळणी घेण्यासाठी तासिकाही मागणार आहे.

एक अडचण उरते. पालकसभेत वडिलांना 'मुलासमोर ढ म्हणू नका' असे थेट सांगितले तर ते दुखावतात आणि पुढच्या वेळी येतच नाहीत. हे कसे सांगावे?

समुपदेशक (नाशिक)

काय म्हणू नये हे न सांगता, काय विचारावे तेवढेच सांगा. रात्री जेवताना 'किती मार्क पडले' याऐवजी 'आज कुठे अडलास आणि कुणाला विचारलंस' हा प्रश्न विचारायला सांगा. त्यासाठी पालकांना स्वतःला गणित यावे लागत नाही, हेही आवर्जून सांगा, कारण पुष्कळ वडील 'ढ' म्हणतात ते आपल्यालाही ते येत नाही या संकोचापोटी.