कॅन्सरची ‘फवारणी’ थोडी हात राखून करावी का?

रानवाट: कोबीवरच्या चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाने १९५३ मध्येच जावात डीडीटीला दाद देणं सोडलं. पुढे बीटीच्या (किडी मारणाऱ्या जीवाणूच्या) फवाऱ्यालाही. कीड समूळ मारायला गेलं की उरतात ते नेमके चिवट, आणि रान त्यांना मोकळं.

अमेरिकेतल्या मॉफिट कॅन्सर सेंटरचे डॉक्टर रॉबर्ट गेटनबी यांनी हाच विचार पसरलेल्या प्रोस्टेट कॅन्सरला लावला. पीएसए (रक्तातला प्रोस्टेटच्या प्रथिनाचा आकडा, आजार किती ते सांगणारा) निम्म्यावर आला की अबिराटेरोन ही हार्मोन रोखणारी गोळी बंद, मूळ आकड्यावर चढला की पुन्हा सुरू. औषधाने मरणाऱ्या पेशी मुद्दाम राखायच्या, म्हणजे त्या चिवट पेशींना पसरू देत नाहीत. २०२२ च्या आकड्यांत आजार पुन्हा बळावायला या गटात ३३.५ महिने (मध्यक) लागले, नेहमीच्या पद्धतीत १४.३. बऱ्या न होणाऱ्या कॅन्सरमध्ये ‘सोसेल तेवढा डोस’ हा हट्ट आता सोडावा, असं माझं मत.

सूक्ष्मदर्शी: रुग्ण किती? १७ विरुद्ध १६. तेही चिठ्ठ्या टाकून गट न पाडता. याउलट २०१३ ची मोठी चाचणी बघा. पसरलेल्या प्रोस्टेट कॅन्सरचे १,५३५ रुग्ण, हार्मोन उपचार सलग किंवा खंड पाडून. मध्यक आयुष्य सलग गटात ५.८ वर्षं, खंडित गटात ५.१. खंड पाडणं कमी पडत नाही, हे त्यांना सिद्ध करता आलं नाही.

रानवाट: त्या चाचणीत आधी सात महिने सलग उपचार झाले, आणि पीएसए ४ किंवा त्याखाली आलेल्यांचेच गट पाडले. राखायच्या पेशी आधीच झोपवल्या, मग चिवटांना अडवायला उरलं कोण?

बोंडअळी: दोघांनीही शेतीची बाजू अर्धीच धरली आहे. बीटी कपाशीभोवती साध्या कपाशीच्या आश्रय ओळी का लावतात? तिथले साधे पतंग बीटीतून वाचलेल्या मोजक्या पतंगांशी मीलन करतात. त्यांच्या पिल्लांना प्रतिकार एकाच बाजूने मिळतो आणि बहुतेक बीटी खाऊन मरतात. पण त्यासाठी विष जहालच लागतं! आणि कॅन्सरच्या पेशी मीलन करत नाहीत, नुसत्या दुभंगतात. म्हणजे आश्रयाची युक्ती इथे लागूच नाही. उरतो एकच आधार: प्रतिकार पेशीला महाग पडतो, म्हणून औषध नसताना ती मागे पडते. ते दरवेळी खरं असतंच असं नाही. प्रतिकार देणाऱ्या एखाद्या उत्परिवर्तनाची (जनुकातल्या बदलाची) पेशीला काहीच झळ नसेल, तर गोळ्या थांबवून काय साधलं?

टोकाचा_माणूस: मुलांच्या ल्युकेमियात (रक्ताच्या कॅन्सरमध्ये) १९६० च्या दशकात फ्राय आणि फ्रायराईक या डॉक्टरांनी चार औषधं एकत्र दिली. आज चांगल्या उपचारांत ९० टक्क्यांच्या आसपास मुलं बरी होतात. तेव्हा कीड ‘राखत’ बसले असते तर?

रानवाट: ‘बऱ्या न होणाऱ्या’ असं लिहिलंय, नीट वाचा ना राव. बोंडअळींचा मुद्दा मात्र जड आहे. तरी मीलन नसलं म्हणून स्पर्धा संपत नाही. जागा आणि रक्तपुरवठा तेवढाच असतो.

सूक्ष्मदर्शी: आणि मोजणार कशाने? प्रोस्टेटला पीएसए आहे. फुफ्फुस, स्वादुपिंडाच्या गाठीला इतका भरवशाचा आकडा नाही. दर महिन्याला स्कॅन काढणार?

ओपीडीबाहेर: वडिलांच्या रिपोर्टवरचा पीएसए चढताना मी पाहिलाय. गोळ्या कपाटात असताना ‘अजून चढू द्या’ म्हणणाऱ्या डॉक्टरसमोर शांत बसणारा नातेवाईक मला दाखवा. ऑस्ट्रेलिया आणि नेदरलँड्समध्ये चिठ्ठ्या टाकून गट पाडलेली चाचणी हाती घेतली आहे. तिचे आकडे येईपर्यंत मी तरी सलग गोळ्यांच्याच बाजूने.