कॉलेजात मोबाईल हरवला की आधी कुणाची बॅग उघडतात?

सात_रस्ता (धागाकर्ता)

सोलापुरातल्या एका कॉलेजात मध्यंतरी प्रॅक्टिकल चालू असताना एका मुलाचा मोबाईल गेला. लॅबबाहेरच्या कट्ट्यावर सगळ्या बॅचच्या बॅगा पडलेल्या. सरांनी त्यातली एकच उचलली आणि टेबलावर पालथी केली. जर्नल, भाकरीचा डबा, संध्याकाळच्या कामावर घालायचा पेट्रोल पंपाचा शर्ट, बस्स. बाकीच्या बॅगांना हातही न लावता "बरं बरं, सापडेल" म्हणून विषय मिटवला. मोबाईल नंतर ज्याचा होता त्याच्याच गाडीच्या डिकीत मिळाला.

पालथी झालेली बॅग सेटलमेंट फ्री कॉलनीत राहणाऱ्या मुलाची. तो कुठल्या जातीचा हे वर्गाला कसं कळलं? शिष्यवृत्तीचे फॉर्म भरायच्या वेळी "व्हीजेएनटीवाले उभे राहा" (म्हणजे विमुक्त जाती, भटक्या जमातीवाले) असा पुकारा झाला होता, तेव्हा.

बाहेरगावच्यांसाठी थोडक्यात सांगतो. इंग्रजांनी १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं अख्ख्या जमातीच जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. गुन्हा रक्तातून येतो, बापाकडून पोराकडे जातो, हा त्यामागचा हिशोब. पुढे सोलापुरात अशा लोकांची वसाहत वसवली. भोवती तारेचं कुंपण, आत हजेरी, आणि मजुरीला शहरातल्या कापड गिरण्या. ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा रद्द झाला, लोक 'विमुक्त' झाले, वस्तीला नाव मात्र सेटलमेंटच राहिलं. परदेशातल्या विद्यापीठांत वंशभेदाविरुद्ध धोरणं होतात, कृष्णवर्णीय मुलांच्या पाठीशी यंत्रणा उभी राहते, त्याच्या बातम्या आपण कौतुकानं वाचतो. मग आपल्या कॉलेजात या मुलांच्या पाठीशी कोण आहे? माझं म्हणणं असं की तक्रार ऐकणारा माणूस त्या कॉलेजच्या बाहेरचा हवा, आणि वर्गात प्रवर्ग पुकारणं आजपासून बंद व्हायला हवं.

गड्डा_यात्री

एका सरांनी गाढवपणा केला, त्याचा तुम्ही थेट वंशभेद करून टाकलात. सोलापूर म्हणजे अमेरिका नव्हे हो. इथं पूर्व भागात तेलुगू, अक्कलकोटकडं कन्नड, विजापूर वेशीत उर्दू आणि मधे मराठी. एकाच बाकावर चार भाषा बसतात. आम्ही पद्मशाली मित्राच्या मराठीची टिंगल केली, त्यानं आमच्या तेलुगूची केली, आणि संध्याकाळी एकाच गाड्यावर भजी खाल्ली. कुणी समिती मागितली नाही. समित्या तर आधीच उदंड आहेत. रॅगिंगविरोधी आहे, महिला तक्रार आहे, विद्यार्थी तक्रार निवारण आहे. कॉलेजचा दर्जा ठरवणारे नॅकवाले आले की फायली बाहेर निघतात, गेले की कपाटात. त्यात आणखी एका फायलीची भर घालून काय साधणार?

कडक_भाकरी

यात्री, तुझी टिंगल दोन्हीकडून चालायची बे. तू त्याला, त्यानं तुला. पण मोबाईल गेल्यावर तुझी बॅग कधी कुणी पालथी केली काय? माझीबी नाही केली. आपल्याला कळणार कसं मग?

गड्डा_यात्री

केली असती तर दाखवली असती. लपवायचंय काय त्यात?

कडक_भाकरी

हे बोलायला सोपं जातंय, कारण कुणी मागितलीच नाही.

टेबल_क्रमांक_३

मी कॉलेजच्या ऑफिसात विद्यार्थी विभाग सांभाळतो. वर्गात पुकारा का होतो ते सांगतो, मग शिव्या घाला. महाडीबीटीची, म्हणजे सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलची, तारीख जवळ येते. कुणाचं उत्पन्नाचं प्रमाणपत्र जुनं, कुणाचं बँक खातं आधारला जोडलेलं नाही, कुणाची जातपडताळणी अडकलेली. व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप टाकला तर निम्मी पोरं बघत नाहीत, आणि तारीख चुकली की हीच पोरं पालकांना घेऊन माझ्या खिडकीत येतात. म्हणून शिपाई वर्गात जाऊन ओरडतो. पोरांचे पैसे बुडू नयेत एवढाच त्यामागचा हेतू, अपमान करायचा नसतो. एका टेबलावर शेकड्यांनी अर्ज येतात, तेव्हा इतक्या नाजूकपणे काम होत नाही.

हुतात्मा_एक्सप्रेस

टेबलसाहेब, हेतू चांगला असेल, पण ही गोष्ट नियमात बसत नाही. यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, २०१२ चे समता नियम आहेत. वर्गात विद्यार्थ्याची जात, जमात, धर्म किंवा प्रदेश जाहीर करणं आणि राखीव प्रवर्गाचा शिक्का मारणं, दोन्ही त्यात छळ म्हणून नोंदवलंय. अभ्यासात मागे पडण्याचं कारण म्हणून वंश किंवा जात काढून टोमणा मारणं, तेही. समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी नेमायचा आहे, म्हणजे धागाकर्ता आभाळातून काही मागत नाहीये.

यात्रींनी समित्या मोजल्या, पण हा मुलगा त्यातल्या कुणाच्या दारात जाणार? रॅगिंग झालेलं नाही. अ‍ॅट्रॉसिटीचा १९८९ चा कायदा अनुसूचित जाती-जमातींसाठी आहे, विमुक्त जातींना तो लागूच नाही. आता गंमत बघा, म्हणजे गंमत कसली. कैकाडी समाज विदर्भातल्या ठरावीक भागात अनुसूचित जातीत येतो, उरलेल्या महाराष्ट्रात विमुक्त जातीत. म्हणजे एकच शिवी नागपूरच्या कैकाडी मुलाला दिली तर अ‍ॅट्रॉसिटी होऊ शकते, सोलापूरच्या मुलाला दिली तर नाही. सोलापूरच्या पोराच्या हातात कॉलेजचा नियम तेवढा उरतो. म्हणून तो कपाटात ठेवून चालणार नाही.

जुळे_सोलापूरकर

नियमांचं काय घेऊन बसलात! जानेवारी २०२६ मध्ये यूजीसीनं नवे नियम आणले आणि महिना संपायच्या आत सर्वोच्च न्यायालयानं त्यांना स्थगिती दिली. का दिली तेही सांगा की. जातीय भेदभावाची व्याख्या ठरावीक प्रवर्गांपुरतीच, आणि खोट्या तक्रारीला शिक्षा शून्य. मी स्वतः शिकवतो. गैरहजर राहणाऱ्या मुलाला प्रॅक्टिकलला कमी मार्क दिले की दुसऱ्या दिवशी माझ्यावर अर्ज. मग मी काय करायचं, सगळ्यांना सरसकट मार्क वाटायचे? तुमच्या बाहेरच्या अधिकाऱ्याला माझा वर्ग काय कळणार?

हुतात्मा_एक्सप्रेस

स्थगिती नव्या नियमांना आहे सर. तोवर २०१२ चे लागू राहतील असं न्यायालयानंच सांगितलंय. नव्यांवर वाद घाला, माझेही त्यांच्यावर आक्षेप आहेत. पण ते आले कुठून हे विसरू नका. हैदराबादला पीएचडी करणाऱ्या रोहित वेमुलानं २०१६ मध्ये आत्महत्या केली, जळगावकडच्या डॉ. पायल तडवीनं २०१९ मध्ये मुंबईत, आणि दोन्हीकडे जातीवरून छळ झाल्याचे आरोप होते. दोघांच्या आया २०१९ मध्येच न्यायालयात गेल्या, आणि त्यांचं म्हणणं हेच होतं की २०१२ चे नियम कागदावरच राहिले.

यारा_काठावरून

मूळची होटगी रोडची, सध्या मेलबर्न. २००९ मध्ये इथं भारतीय विद्यार्थ्यांवर हल्ले झाले तेव्हा सोलापुरातसुद्धा चौकाचौकांत त्याचीच चर्चा होती. माझे काका तावातावानं म्हणायचे, "गोरे वंशवादी आहेत, पोरांना परत बोलवा." तेच काका सेटलमेंटकडचा माणूस रंगकामाला आला की बायकोला दागिने आवरायला सांगायचे. इथल्या विद्यापीठाचं कौतुकही फार करू नका, पोस्टर भरपूर लागतात. मला एक गोष्ट मात्र उपयोगी पडली. ट्यूटरविरुद्ध तक्रार केली तेव्हा माझा पेपर दुसऱ्यानं तपासला. ते झालं नसतं तर मी तोंड उघडलंच नसतं.

सात_रस्ता (धागाकर्ता)

ताई, तुम्ही नेमकं दुखणं सांगितलंत. मी त्या मुलाला विचारलं, "अर्ज का नाही दिलास?" तो म्हणाला, "सर, जर्नलवर सही त्यांचीच लागते." बॅग उघडणारे, जर्नल तपासणारे, अंतर्गत मार्क देणारे एकच. तक्रार समितीत त्यांच्याच शेजारच्या टेबलावर बसणारे. असल्या ठिकाणी कोण अर्ज देईल?

जुळेकर सर, यात तुमचीही सोय आहे, जरा शांतपणे बघा. अर्ज आला की त्या मुलाचं मूल्यमापन त्या सत्रापुरतं दुसऱ्या कॉलेजच्या परीक्षकाकडे द्यायचं. तुम्ही सूड घेतला असं मग मुलाला म्हणता येणार नाही, आणि त्यानं मार्कांसाठी खोटा अर्ज केला असेल तर तो डावही फसेल, कारण मार्क तुमच्या हातात उरतच नाहीत. आपलं विद्यापीठ २००४ ला एका जिल्ह्यापुरतं झालं. बार्शी, पंढरपूर, अकलूजचे परीक्षक एरवीही एकमेकांकडे जातातच. केगावला विद्यापीठात एक अधिकारी बसवला आणि अर्ज थेट त्याच्याकडे गेले तर कुठला डोंगर कोसळतो?

जुळे_सोलापूरकर

दुसरा परीक्षक चालेल, त्याला माझी ना नाही. पण प्रवास भत्त्याची बिलं आत्ताच वर्ष-वर्ष निघत नाहीत, येणार कोण? आणि अर्ज खोटा निघाला तर माझ्या नावावर जो डाग बसला त्याचं काय? त्यावर तुम्ही अजून एक अक्षर बोललेला नाहीत.

सात_रस्ता (धागाकर्ता)

चौकशी संपेपर्यंत दोघांचीही नावं बाहेर जाऊ नयेत, हे मला मान्य आहे. जाणूनबुजून खोटा अर्ज केल्याचं सिद्ध झालं तर कारवाई करा. पण 'सिद्ध झालं नाही' म्हणजे 'खोटं' असा अर्थ लावायचा नाही. त्या लॅबमध्ये साक्षीला उभा राहील असा एकही जण मला दिसत नाही.

जुळे_सोलापूरकर

मग साक्षीशिवाय त्या सरांना दोषी कसं धरणार? माझी अडचण तिथंच आहे.

कडक_भाकरी

त्या पोराला कुठल्या साक्षीवर धरलं होतं सर?

टेबल_क्रमांक_३

भांडण चालू द्या. आमच्या खिडकीपुरतं सांगतो. ज्यांचे कागद अपुरे आहेत त्यांचे नुसते हजेरी क्रमांक बोर्डावर लावता येतील, प्रवर्ग न लिहिता. त्यात फीची थकबाकीवाले आणि परीक्षा फॉर्मवालेही मिसळले की कोण कशासाठी येतोय ते कळणार नाही. शिपायाची फेरीही वाचेल. प्राचार्यांची सही मिळाली तर या सोमवारी लावतो. मोबाईलच्या भानगडीत मात्र मला ओढू नका, मला इथंच नोकरी करायची आहे.