व्हेगन माणसाला पुण्यात 'शुद्ध शाकाहारी' पाटीचा उपयोग नाही

तीळगूळ:
ठाम मत मांडतेय, तुटून पडा. व्हेगन, म्हणजे दूध-तूपही न खाणाऱ्याने पुण्यात 'शुद्ध शाकाहारी' पाटी बघून आत शिरू नये. सरळ कोरेगाव पार्क, कल्याणीनगर नाहीतर बाणेर-बालेवाडीकडचं एखादं लेबनीज हॉटेल गाठावं. शुद्ध शाकाहारीत पनीर टाळलं तरी सुटका नाही. ग्रेव्हीत क्रीम, डाळीला तुपाची फोडणी, नानच्या पिठात दही, रोटीवर बटर. हिरव्या ठिपक्याला दूध चालतं, त्यामुळे त्यांना दोषही देता येत नाही. लेबनीज जेवणाचा पायाच हरभरे, तीळ, लिंबू आणि ऑलिव्हचं तेल. हमूस म्हणजे हरभऱ्याचं वाटण, फलाफल म्हणजे हरभऱ्याचे वडे, तब्बूले म्हणजे कोथिंबिरीसारख्या पार्सलीची कोशिंबीर... दह्याचं लबनेह आणि हलूमी चीज सोडलं की पोटभर जेवता येतं. 'हे काढा, ते घालू नका' करत बसावं लागत नाही.

पेठेतला:
पिठलं-भाकरी, ठेचा, भरली वांगी, मटकीची उसळ, वर सोलकढी. यात दुधाचा थेंब दाखवा. मिसळीवर दही घेतलं नाही की तीही चालते. मेन्यूकार्डावर हिरवं पान छापलेलं नाही, एवढाच आमचा गुन्हा. वाटीभर हरभऱ्याच्या वाटणाला तीनेकशे रुपये मोजायची ही फॅडं आहेत.

तीळगूळ:
घरी चालते हो. हॉटेलात भाकरीवर न विचारता लोण्याचा गोळा येतो, थालिपिठाचंही तेच. दूध नको म्हटलं तर 'दूध नाहीये ताई, नुसतं लोणी आहे'! आणि फॅड म्हणाल तर इथिओपियातले ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती शतकानुशतकं बुधवारी-शुक्रवारी उपास करतात. मांस, अंडी, दूध सगळं वर्ज्य. मिसिर वोत ही मसुराची तिखट आमटी त्या उपासाचीच.

कढईवाला:
हॉटेलच्या किचनमध्ये काम करतो म्हणून सांगतो, परदेशी नाव बघून बिनधास्त राहू नका. थाई करीत नारळाचं दूध असतं, म्हणून लोक खूश. पण करीची पेस्ट तयार डब्यातली असेल तर तिच्यात बहुतेक वेळा सुकट कोळंबीचं वाटण असतं, वरून फिश सॉस. 'व्हेज थाई करी' मागितली की चिकनच्या जागी ब्रोकोली पडते, पेस्ट तीच. जपानी सूपचा दाशी, म्हणजे मूळ रस्सा, बऱ्याचदा सुक्या माशाच्या किसाचा. अस्सल पार्मेझान चीज तर वासराच्या जठरातल्या रेनेटशिवाय, म्हणजे दूध फाडायच्या विरजणाशिवाय, होत नाही, म्हणजे आपला दूध खाणारा शाकाहारीसुद्धा तिथे फसतो. लेबनीजमध्येही तूम म्हणजे लसणाची पांढरी चटणी, ती नीट विचारून घ्या, काही ठिकाणी त्यात अंड्याचा पांढरा भाग किंवा मेयोनीज असतं.

वेटरला 'व्हेगन आहे का' विचारू नका, तो 'हो, व्हेज आहे' म्हणणार. पेस्ट इथे वाटता की डब्यातली, पिठात दही आहे का, असं एकेक जिन्नस घेऊन विचारा. गर्दीच्या वेळी विचारलंत तर आत शिव्या पडतात, ते वेगळं.

पेठेतला:
म्हणजे तीनेकशे देऊनही उलटतपासणी आहेच!

हिशेबनीस:
भाव काढलाच आहे तर ओट दुधाच्या कॉफीवरही बोला. कपामागे वर वेगळे पैसे लावतात. कारण सांगायचे ते कराचं. साध्या ताज्या दुधावर जीएसटी शून्य आणि ओट दुधासारख्या पेयांवर 18 टक्के होता, हे खरं. पण 22 सप्टेंबर 2025 पासून तो 5 टक्के झालाय. मेन्यूकार्डावरचा आकडा खाली आलेला कुणी पाहिलाय? 2022 मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, व्हेगन पदार्थांसाठी वेगळे नियम आणि चिन्ह आणलं, पण ते पाकिटावर शोधायचं. ताटातल्या करीची खात्री त्यातून मिळत नाही.

तीळगूळ:
कॉफीचं मान्य. तो शुद्ध दरोडा आहे.

आजीची नात:
वाद चालू द्या, पण माझी अडचण सोडवा. रविवारी आम्ही सात जण. एक मैत्रीण व्हेगन, एक जैन, शिवाय आजी. मागे थाईमध्ये नेलं तर लेमनग्रासच्या वासाने आजीने नुसता भात खाल्ला. कुठे जाऊ?

तीळगूळ:
लेबनीज. मध्ये मोठं ताट मागवा, सगळे त्यातून घेतील.

पेठेतला:
हमूसमध्ये लसूण असतो. जैन मैत्रिणीने काय, ऑलिव्ह मोजायचे? उडप्याकडे जा. इडली आहे, डोसा आहे, जैन सांबारही बऱ्याच ठिकाणी मिळतं. आजीला फिल्टर कॉफी. बिलही बघवेल.

कढईवाला:
पेठेतल्याशी पहिल्यांदा सहमत. फक्त डोसा तेलावर काढायला सांगा, तव्यावर बटर फिरवायची सवय असते. आणि चटणीत दही घालतात का तेही विचारा.