फॅमिली ग्रुप : घर तापवायच्या स्टोव्हला लाकडाचे पेलेट कुठले घ्यायचे ते एकदाचं ठरवा

वहिनी (नॅशुआ, न्यू हॅम्पशायर, अमेरिका): कुणी जागं आहे का? परवा पुसलेली स्टोव्हची काच आज परत काळी ठिक्कर. ही नवीन पोती कुणाच्या अक्कलहुशारीने आली ते सगळ्यांना ठाऊक आहे. मी नाव घेत नाही.

बाळू (कीन): घ्या की नाव, वहिनी. बाळू. आणि टनामागे ४० डॉलर वाचले.

वहिनी: 📷 हे दगडासारखं काहीतरी बर्न पॉटमधून, जिथे पेलेट जळतात तिथून, निघालं. स्क्रू ड्रायव्हरने खरवडून काढलंय.

अण्णाकाका (कोल्हापूर): वीटभट्टीतला खंगर दिसतोय!

वहिनी: तेच म्हणते मी. भट्टीच झालीय घराची, फक्त ऊब नाही.

आत्या (पुणे): शुभ सकाळ सर्वांना 🌹 पेलेट म्हणजे तेच ना, कोंबडीच्या खाद्यासारखं दिसतं ते? मी आले होते तेव्हा मला वाटलं वहिनीने गॅरेजात कोंबड्या पाळल्या की काय.

दादा (नॅशुआ): आत्या, लाकडाचा भुसा दाबून केलेलं असतं ते. गोंद वगैरे काही नाही, दाबताना जी उष्णता होते त्यात लाकडातलंच लिग्निन मऊ होऊन चिकटतं. म्हणून पाणी लागलं की परत भुसा.
आता मुद्द्याचं. अमेरिकेत पेलेट फ्युएल्स इन्स्टिट्यूटचं मानांकन असतं. प्रीमियम म्हणजे राख १ टक्क्याच्या आत, ओलावा ८ टक्क्यांच्या आत, पोत्यातला चुरा अर्ध्या टक्क्याच्या आत. स्टँडर्डला राख २ टक्क्यांपर्यंत चालते. टन म्हणजे ४० पौंडी ५० पोती, २००० पौंड. १ टक्क्याने २० पौंड राख, २ टक्क्यांनी ४०. बाळूने आणलेल्या पोत्यावर शिक्काच नाही, नुसतं ‘प्रीमियम’ छापलंय. ते काय, मीही माझ्या शर्टावर छापून घेईन.

बाळू: दादा, ४० डॉलर वाचले हे कुणी बोलतच नाही.

ओंकार (स्टुटगार्ट): मामा, आमच्याकडे ईएनप्लस ए१ हा युरोपातला दर्जाचा शिक्का बघतात. राख ०.७ टक्क्यांच्या आत, आणि शिक्क्यावर कंपनीचा नंबर असतो, तो साइटवर ताडून बघता येतो. पोती १५ किलोची.

बाळू: मग जर्मनीहूनच मागवू ना, विमानाने 😀

ओंकार: मी फक्त माहिती दिली, बाळूमामा. आणि आमचा टन १००० किलोचा. तुमचा ९०७ चा. भाव विचारताना ध्यानात ठेवा.

अण्णाकाका: आपल्याकडे औष्णिक केंद्रांत कोळशाबरोबर ५ टक्के बायोमास जाळायचं केंद्राचं धोरण २०२१ ला आलं. इथे उसाचं पाचट शेतात पेटवून देतात. त्याचे पेलेट करून तिकडे पाठवू का? बोला.

दादा: काका, पाचटाला राख फार, घरच्या स्टोव्हला झेपणार नाही. खंगरच खंगर.

अण्णाकाका: पाचटाला नावं ठेवू नका.

मिनू (कीन): एक बोलू का, राग नको. पेलेट वाईट नव्हते. माझ्या भावाकडे त्याच लॉटमधली चार पोती जळली, काहीही झालं नाही. तुमचं दीड टन आमच्या ड्राइव्हवेत ताडपत्रीखाली पडून होतं. ‘येतो, नेतो’ करता करता नोव्हेंबर उजाडला. खालची रांग ओली होणारच, पोत्यांना बारीक भोकं असतात.

वहिनी: ताडपत्रीला वर दगड ठेवायला हवे होते, मिनू.

मिनू: दगड होते, ताई.

वहिनी: हा मेसेज डिलीट केला आहे.

आत्या: काय लिहिलं होतं गं? मला वाचता आलं नाही.

श्रेया (नॅशुआ): मी एक पोतं चाळून बघितलं. पिठाच्या चाळणीने. खूपच चुरा निघाला. वरच्या रांगेतलं पोतं बरं आहे, खालच्यातले पेलेट फुगलेत, बोटांनी दाबले की मोडतात.

वहिनी: पिठाच्या चाळणीने???

श्रेया: धुतली, आई.

दादा: शाब्बास. चुरा हॉपरच्या, म्हणजे पेलेट भरायच्या पेटीच्या, कोपऱ्यात साचतो, वरचे पेलेट खाली सरकतच नाहीत, स्टोव्ह विझतो. आणि ऑगर, म्हणजे पेलेट आत ढकलणारा स्क्रू, वजन मोजत नाही, जागा मोजतो. लांब, विरळ पेलेट आले की तेवढ्याच फेऱ्यांत माल कमी पडतो. म्हणून ब्रँड बदलला की फीड आणि हवा परत बघावी लागते.

वहिनी: हवा कोण बघणार? या सीझनला एग्झॉस्टच्या पाइपमधून ब्रश फिरवलाय का कुणी? टनभर जाळलं की साफ करायचा, हे मला नाही, तुम्हाला सांगितलं होतं बसवणाऱ्याने.

बाळू: 😂😂😂

ओंकार: काच काळीकुट्ट आणि तेलकट झाली तर बहुतेक हवा कमी पडतेय, मामी. पांढुरकी, तपकिरी राख बसते ती चालते.

बाळू: म्हणजे पेलेटचा दोष नाही. टनामागे ४० डॉलर वाचलेच की मग!

दादा: खंगर नुसत्या हवेने होत नाही, बाळ्या. राख वितळते म्हणून होतो. लाकडात साल, माती आली की हेच. दोन्ही दोष आहेत. पाइप उद्या करतो.

वहिनी: ‘उद्या’चा स्क्रीनशॉट घेतलाय.

दादा: आता पुढचं. पर्याय असे. ओकानागन डग्लस फर, कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियाचे, राख फारच कमी, पण खंडाच्या दुसऱ्या टोकाहून येतात, भाव सगळ्यात चढा. व्हरमाँट वुड पेलेट, नॉर्थ क्लॅरेंडनचे, तेही सॉफ्टवुड, म्हणजे पाइन-फरसारख्या झाडांचं लाकूड, जवळचे. न्यू इंग्लंड वुड पेलेट, जाफ्रीचं नाव, मिश्र लाकूड. एनर्जेक्स, क्वेबेक आणि पेनसिल्व्हेनियात कारखाने. पोत्यावर कुठल्या कारखान्याचं आहे ते वाचायचं, एकाच नावाचा माल दोन जागी वेगळा निघू शकतो.

मिनू: सॉफ्टवुडने चिमणीत डांबर धरतं ना, दादा? आमच्या शेजारच्या आजी पाइनचं लाकूड घरात येऊ देत नाहीत.

दादा: ते ओल्या ओंडक्यांचं, मिनू. हे ८ टक्क्यांच्या आतलं कोरडं, वर पंख्याची हवा. फरच्या लाकडात राळ, त्यामुळे वजनाला वजन उष्णता जरा जास्तच. टनाला घर तापवायच्या तेलाचे सुमारे १२० गॅलन धर.

बाळू: आणि लाइट गेली की? पेलेटचा स्टोव्ह बंद. आमचा साधा लाकडाचा स्टोव्ह चालू असतो. २००८ च्या डिसेंबरात बर्फाचा पाऊस झाला, न्यू हॅम्पशायरात चार लाखांवर वीजग्राहक अंधारात होते. तेव्हा दादाकडचे सगळे आमच्याकडे झोपायला आले होते. आठवतंय?

वहिनी: आठवतंय, भावजी. दरवर्षी आठवण करून देता, विसरणार कसं.

आत्या: भांडू नका रे. हे बघा सकाळचं तिळगुळाचं चित्र 🪁

दादा: जानेवारी कुठेय आत्या, डिसेंबर आहे.

आत्या: गोडच बोला रे.

श्रेया: बाबा, टन घेण्याआधी प्रत्येकाची दोन-दोन पोती आणू. आधी स्टोव्ह पूर्ण साफ करायचा, एकाच सेटिंगवर जाळायची, मग राख काट्यावर. नाहीतर आपण ब्रँड नाही, मागच्याची घाण मोजणार.

बाळू: आमच्या घरात इंजिनियर एकच निघाली.

दादा: मीही इंजिनियर आहे.

वहिनी: पाइप.

⏤ रविवार ⏤

श्रेया: पाइप साफ झाला. बादलीभर काजळी. मग सहा पोती जाळली, तीन ब्रँडची. डग्लस फरची राख सर्वांत कमी, व्हरमाँटची त्याच्या मागेच, मिश्रची दोघांहून जास्त. खंगर तिन्हीत नाही. राख झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, बाहेर ठेवलीय, आई, डेकवर नाही.

वहिनी: काच?

श्रेया: पांढुरकी. फडक्याने जाते.

दादा: व्हरमाँट दोन टन सांगितले. फरपेक्षा स्वस्त आणि फरक नगण्य. या खेपेला सरळ आमच्या गॅरेजात, शनिवारी सकाळी. १०० पोती आत लावायचीत, बाळू ये.

बाळू: येतो. पण उरलेली जुनी पोती मला द्या. वरच्या रांगेतली. मिनूच्या भावाकडे पेलेटचा स्टोव्ह आहे, तो जाळेल. आणि हिशेब सांगू का, टनामागे ४०...

वहिनी: न्या, भावजी, सगळी न्या. खालची रांग पण न्या.

मिनू: आमची ताडपत्री पण परत द्या, ताई. निळी होती. दगडांसकट.