तारखांचं अर्थकारण
कोर्टातले दावे रखडतात ते न्यायाधीश कमी म्हणून, असं नेहमी म्हटलं जातं. खरं आहे, पण अर्धंच. आमच्या रत्नागिरीकडचे वाटपाचे दावे बघा. सामायिक सातबारा, हापूसची वीस-पंचवीस कलमं, निम्मे वाटेकरी चाकरमानी. मुंबईहून रात्रीच्या एसटीने यायचं आणि वकिलाचा मुदतीचा अर्ज ऐकून परत फिरायचं. सुनावणीत एका पक्षाला तीनपेक्षा जास्त वेळा तहकुबी, म्हणजे पुढची तारीख, देऊ नये, असं दिवाणी प्रक्रिया संहितेतच आहे. पण फी तारखेवर ठरली की लवकर निकाल वकिलाच्या फायद्याचा राहत नाही. असाच दावा लढणाऱ्या माझ्या काकांना लोकअदालतीचं, म्हणजे आपसात तडजोडीने दावा मिटवायच्या सोयीचं, कुणी सांगितलंच नाही! तिथे तडजोड झाली तर कोर्ट फी परत मिळते, अपीलही नसतं. काका गेले, आता दाव्यात त्यांच्या जागी वारस दाखल करण्याच्या तारखा पडताहेत.