मदत हवी आहे: टायरचा साईज बदललेला आहे, हवा किती ठेवू?

नमस्कार मंडळी. मी चोपडा तालुक्यातला. मागच्या दिवाळीत जुनी हॅचबॅक घेतली. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर कंपनीचं स्टिकर आहे: १६५/८० आर १४, पुढे-मागे हवेचा दाब ३० पीएसआय. पण आधीच्या मालकाने अलॉय टाकताना टायर बदलले, आता आहेत १८५/६५ आर १५. त्याचा आकडा स्टिकरवर नाही. टायरच्या कडेला बारीक अक्षरांत ५१ पीएसआय लिहिलंय, ते वाचून तर आणखीच गोंधळ.

पंपावर गेलो की पोरगा पाईप लावता लावता विचारतो, "कितली मारू भाऊ?" आणि मी बोलायच्या आत पस्तीस मारून मोकळा. कोणतीही गाडी असो, पस्तीसच. मे महिन्यात सकाळी घरी मोजली तेव्हा ३४ होती, दुपारी जळगावला पंपावर ३९ निघाली. तिथल्याने काढून ३५ केली. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर ३०! कुठेतरी गळतेय या भीतीने आणि टायर रुंद आहे तर जास्तच लागत असेल असं समजून तेव्हापासून ३८ ठेवतोय.

परवा गाडी धुताना टायरवरून अंगठा फिरवला. कडेच्या खाचांत नख चांगलं आत जातं. मधल्या खाचेत मात्र तळाशी रबराचा जो आडवा उंचवटा असतो, तो वरच्या रबराच्या बरोबरीला आलाय. पुढचे दोन्ही तसेच. आईला गुडघ्यांसाठी दर पंधरा दिवसांनी जळगावला न्यावं लागतं. गेल्या आठवड्यात पहिल्या पावसात ब्रेक दाबला आणि गाडी थांबायच्या जागेच्या पुढे घसरत गेली. आई मागे बसलेली होती. तेव्हापासून डोक्यातून जात नाही.

अजून एक. घरच्या ट्रॅक्टरचे मागचे टायर १३.६-२८ आहेत. वडील शेतात १२-१४ च्या वर हवा ठेवू देत नाहीत. एवढ्या मोठ्या टायरला एवढीच हवा कशी पुरते?

प्रतिसाद (धुळे)

भाऊ, तुमच्या गाडीत काही गळत नाहीये. तापलेल्या टायरची हवा काढली, तिथे चूक झाली. साधारण ५-६ अंश तापमान वाढलं की १ पीएसआय वाढतो. आपल्याकडे मे महिन्यात पहाटे २७ आणि दुपारी ४४, त्यात डांबरावर ५०-६० किलोमीटर धावलेला टायर. ३४ चे ३९ होणारच, आणि थंड झाल्यावर खालीही येणारच. स्टिकरवरचा आकडा थंड टायरचा असतो. गाडी तीन तास उभी असेल तेव्हाच मोजा.

आता साईज. १६५ चे ८० टक्के म्हणजे १३२ मिमी ही टायरच्या भिंतीची उंची. वर-खाली मिळून २६४, त्यात १४ इंची रिमचे ३५६, एकूण ६२०. तुमच्या टायरची भिंत १८५ चे ६५ टक्के, म्हणजे १२० मिमी. दोन्हींचे २४०, रिमचे ३८१, एकूण ६२१. बाहेरून चाक जवळपास तेवढंच आहे.

साईजच्या पुढचा आकडाही बघा. ८५ असेल तर एक टायर जास्तीत जास्त ५१५ किलो पेलतो, ८८ असेल तर ५६०. तुमच्या जुन्या १४ इंचीवर बहुतेक ८५ असायचा, या १५ इंचीवर बहुतेक ८८ असतो. म्हणजे टायर जुन्यापेक्षा ताकदीचा आहे आणि गाडीचं वजन तेवढंच आहे. मग हवा वाढवायची कशासाठी? ३० वरच या. पाच माणसं आणि सामान असेल तेव्हा पुस्तिकेत भरलेल्या गाडीचा आकडा दिलाय तेवढी करा. ५१ ही त्या टायरची कमाल मर्यादा आहे, तिथपर्यंत भरायची नसते.

जास्त हवेने टायर मधून फुगतो, मधलाच पट्टा रस्त्याला टेकतो आणि तोच झिजतो. ओल्या रस्त्यावर पकड जाते ती यामुळेच. तो रबराचा उंचवटा १.६ मिमीची खूण आहे. रबर तिथपर्यंत आलं म्हणजे टायर संपला. पुढचे दोन आता बदलाच, आईंना घेऊन या टायरवर जाऊ नका.

प्रतिसाद (यावल)

वडिलांचं बरोबर आहे. वजन पेलते ती आतली हवा. पोकळी मोठी आणि जमिनीला टेकणारा भाग मोठा, तर कमी दाबातही तेवढं वजन पेललं जातं. सायकलचा बारीक टायर दाबून बघा, ट्रॅक्टरच्या टायरपेक्षा कडक लागेल. काळ्या जमिनीत कमी हवेने टायर पसरतो, पकड घेतो, आणि जमीनही कमी दबते. केळीची भरलेली ट्रॉली घेऊन डांबरावर निघताना मात्र पुस्तिकेप्रमाणे वाढवा, नाहीतर टायरची भिंत दुमडून चिरते. मागच्या टायरात पाणी भरलेलं असेल तर वॉल्व वरच्या बाजूला आणूनच मीटर लावा.

धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार. स्वतःचं मीटर घेतलं. पहाटे मागच्या टायरवर खडूने आडवी जाड रेघ ओढली आणि गल्लीत थोडी सरळ चालवली. ३८ वर मधली रेघ पुसली, कडांची तशीच राहिली. ३० वर पूर्ण रेघ सारखी पुसली गेली. आकडा ८८ च आहे. पुढचे दोन टायर उद्या बदलतोय. स्टेपनी अजून जुनी १६५/८० आर १४ आहे, ती चालेल का?

प्रतिसाद (धुळे)

घेर सारखाच आहे, पंक्चरच्या दुकानापर्यंत चालेल. सावकाश चालवा आणि लगेच काढा. अलॉयचे नट स्टीलच्या रिमला नीट बसतात का ते आधी घरीच एकदा लावून बघा. आणि तिची हवाही मोजा, स्टेपनीकडे कोणी बघत नाही.