घरच्या डावात कच्चं लिंबू असावं का?

सोंगटी

लगोरी, लपंडाव, विषामृत खेळताना लहान भावंडाला ‘कच्चं लिंबू’ म्हणून घ्यायची पद्धत आपल्या सगळ्यांना माहीत आहे. ते खेळतं, पळतं, पण बाद होत नाही आणि त्याच्यावर राज्य येत नाही. अंगणात हे चालतं, कारण त्याच्यामुळे बाकीच्यांचा खेळ अडत नाही. कटान, टिकट टू राइड अशा पटावरच्या खेळांत मात्र ते चालत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. तिथे नियम एकमेकांत अडकलेले असतात. एक काढला की दुसरे दोन-तीन आपोआप निकामी होतात.

कटानचंच घ्या. क्लाउस टॉयबर यांचा १९९५ सालचा हा खेळ आता आपल्याकडेही बऱ्याच घरांत आलाय. पटावरच्या प्रत्येक मालाच्या टाइलवर एक आकडा असतो; फाशांवर तो पडला की तिथे गाव असलेल्याला त्या मालाचा पत्ता मिळतो, आणि त्या पत्त्यांवर रस्ते-गावं बांधायची. मूल रडतं म्हणून सगळ्यात आधी चोर, म्हणजे सात पडला की एखाद्या टाइलवर बसून तिचा माल अडवणारा मोहरा, काढला जातो. सात पडला तरी कुणाचं काही जात नाही, असं ठरतं. आता काय होतं ते पाहा. दोन फाशांवर सात पडायची शक्यता ३६ पैकी ६, म्हणजे सगळ्यात जास्त. त्या वेळी हातात सातपेक्षा जास्त पत्ते असतील तर निम्मे टाकावे लागतात, आणि याच भीतीने माणूस सौदा करायला तयार होतो. भीती गेली की प्रत्येक जण दहा-बारा पत्ते दाबून बसतो, ‘लोकर देतोस का’ विचारलं की ‘नको’ म्हणतो, आणि सौदे थांबतात. त्यात प्रत्येक मालाचे पत्ते १९च असल्यामुळे बँकेत खडखडाट होतो तो वेगळाच. माल देऊन घ्यायचे विकासपत्ते २५, त्यांतले १४ चोराला हलवणाऱ्या शिलेदारांचे. चोरच नसेल तर शिलेदार हलवणार कुणाला? ज्याची दोन गावं सहा-आठच्या टाइलला लागून आहेत त्याला कुणी अडवूच शकत नाही. ज्या मुलासाठी हे सगळं केलं ते मूल तर आणखीच मागे पडतं.

दुसरी चूक म्हणजे आईवडिलांनी मुलाला पत्ते बहाल करणं. नियमाने पत्ता फुकट देता येत नाही. मग ‘तुझी एक वीट, माझे तीन गहू’ असा नावापुरता सौदा होतो आणि नुकसान तिसऱ्या भिडूचं, बहुतेक वेळा थोरल्या भावंडाचं होतं. त्याला ते लगेच कळतं, आणि पुढच्या रविवारी ते खेळायला बसत नाही.

मुलाला खेळ जड जात असेल तर खेळ बदलावा, त्याचे नियम मोडू नयेत.

मेंढीकोट

पूर्ण असहमत. पुस्तिकेतला नियम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, ही कल्पना आपल्याकडे कधीच नव्हती. प्रत्येक घराचा मेंढीकोट वेगळा असतो. कुठे एक पान आधीच उलटं ठेवून हुकूम बंद ठेवतात, तर कुठे पहिल्यांदा रंग तुटल्यावर पडेल ते पान हुकूम. पाच-तीन-दोनला तीस पानं लागतात म्हणून प्रत्येक रंगाची आठपासून एक्क्यापर्यंतची २८ आणि वर दोन सत्त्या घ्यायच्या, हेही कुणीतरी गरजेपोटीच बसवलेलं असणार. म्हणजे नियम माणसांसाठी वाकतात आणि वाकलेच पाहिजेत.

तुमचा चोराचा मुद्दा मान्य आहे, पण त्यावरून निष्कर्ष चुकीचा काढलाय. खेळाच्या यंत्राचा भाग काढू नका, पण सवलत द्या. माझ्या मते सवलतीला तीन अटी हव्यात: ती डाव सुरू व्हायच्या आधी सगळ्यांसमोर ठरावी, एकालाच मिळावी, आणि आकड्यात मोजता यावी.

कटानमध्ये जिंकायला मोठ्यांना १० गुण लागतात, आठ वर्षांच्या मुलाला ८ ठेवा. किंवा पत्त्यांची मर्यादा त्याच्यापुरती सातची नऊ करा. चोर, बंदरं, सौदे सगळं जागेवर राहतं. पहिल्या दोन फेऱ्यांत सात पडला तर पुन्हा फासे टाकायचे, हाही चांगला फेरबदल. मात्र त्याचा परिणाम लक्षात ठेवा: सात वगळला की उरलेल्या ३० शक्यतांपैकी सहाच्या ५ आणि आठच्याही ५, म्हणजे या दोन आकड्यांचा भाव आणखी वाढतो.

टिकट टू राइडमध्ये, म्हणजे आगगाडीचे डबे लावून तिकिटावरची दोन शहरं जोडायच्या खेळात, तर सवलत हवीच. अमेरिकेच्या नकाशावर सिअ‍ॅटल ते न्यूयॉर्क हे तिकीट २२ गुणांचं. पुरं झालं तर २२ मिळतात, नाही झालं तर २२ जातात, म्हणजे दोन्हींत ४४ गुणांची तफावत. लहान मुलाने सुरुवातीलाच ते उचललं आणि मधला एक मार्ग दुसऱ्याने अडवला, की त्याचा डाव तिथेच संपला. मोठा माणूस लांबचा वळसा शोधतो, मुलाला तो दिसत नाही. त्याच्या अपुऱ्या तिकिटाला उणे गुण देऊ नका, शून्य धरा. काय बिघडलं?

सोंगटी

@मेंढीकोट, कटानमधल्या गुणांच्या सवलतीला माझी हरकत नाही. तिथे एकही भाग निकामी होत नाही. फक्त ८ गुणांचं लक्ष्य असलेलं मूल ६ गुणांवर आलं की बाकीचे चोर त्याच्यावर बसवणार, आणि ते योग्यच आहे, हे त्याला आधी सांगावं लागेल.

तिकिटांचं मात्र बिघडतं. खेळात मध्येच नवी तीन तिकिटं ओढता येतात आणि त्यांतलं किमान एक ठेवावंच लागतं. उणे गुणांची भीती असते म्हणून माणूस विचार करतो. अपुरं तिकीट शून्य धरलं तर मूल दर पाळीला तिकिटंच ओढत बसतं, कारण त्यात तोटा काहीच नाही. त्या पाळीत ना डब्यांचे पत्ते हाती येतात, ना पटावर एक डबा लागतो.

मेंढीकोट

हे बरोबर पकडलंत. मग शून्याची सवलत फक्त सुरुवातीच्या तिकिटांना द्यायची, पुढे ओढलेल्यांना नाही. ती सुरुवातीची तिकिटं टेबलावर उघडी ठेवली तर कुणीतरी बाजूने सांगूही शकतं. भारताचा नकाशा घेणाऱ्यांसाठी एक सूचना: तो वेगळा मिळतो, पण त्यात डबे आणि रंगीत पत्ते येत नाहीत, ते मूळ खेळातले वापरावे लागतात. आणि त्यावर चौघांपेक्षा जास्त खेळता येत नाही. मामा-मामी आले की पाचवा माणूस बाहेर बसतो.

चौथी गावठाण

कटानमध्ये सवलत देण्याआधी पहिली दोन गावं कुठे बसवायची ते मुलाला शिकवा. निम्मा डाव तिथेच ठरतो. प्रत्येक आकड्याच्या चकतीवर ठिपके असतात: ६ आणि ८ ला पाच, ५ आणि ९ ला चार, ४ आणि १० ला तीन, ३ आणि ११ ला दोन, २ आणि १२ ला एक. ज्या कोपऱ्यावर तीन टाइल मिळतात तिथल्या ठिपक्यांची बेरीज करायची. दहा किंवा जास्त असेल आणि तिन्ही माल वेगळे असतील तर जागा घ्यायची. पहिलीतल्या मुलालाही ही बेरीज जमते. दोन्ही गावं मिळून वीट आणि लाकूड हाताशी हवं, नाहीतर पहिला रस्ता बांधायलाच पाच-सहा फेऱ्या जाऊ शकतात. मुलं नेमकी इथेच फसतात. समुद्रकाठ छान दिसतो म्हणून तिथे गाव ठेवतात आणि तीनऐवजी एक-दोनच टाइलवर राहतात.

लाल ठोकळा

हा सगळा वाद ‘कोण हरणार’ याभोवती फिरतोय. मग सगळे एकाच बाजूला बसा ना! पँडेमिकसारख्या सहकारी खेळात कच्च्या लिंबाची गरजच उरत नाही. मॅट लीकॉक यांच्या या खेळात (२००८) सगळ्यांनी मिळून आवरायचे चार रोग, प्रत्येकाचे २४ ठोकळे, पटावर मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नईसुद्धा. अवघडपणा कमी-जास्त करायची सोय पुस्तिकेतच दिलीय: साथीचे (रोग अचानक भडकवणारे) पत्ते ४ घाला, ५ घाला नाहीतर ६.

घरोघरी दोन चुका हमखास होतात. पहिली म्हणजे साथीचे पत्ते अख्ख्या गड्डीत पिसणं. तसं करायचं नसतं. चौघे असाल तर ४८ शहरं आणि ५ घटना मिळून ५३ पत्ते, प्रत्येकाला दोन वाटून उरतात ४५. त्यांचे चार जवळपास सारखे ढीग करा, प्रत्येक ढिगात एक साथ पिसा, मग ढीग एकमेकांवर ठेवा. सगळं एकत्र पिसलं तर दोन साथी पाठोपाठ येऊ शकतात आणि डाव तिसऱ्याच फेरीत संपतो. दुसरी चूक अगदी उलट. साथ आली की संसर्गाचे (रोग कोणत्या शहरात पसरला ते सांगणारे) टाकलेले पत्ते तेवढेच पिसून गड्डीच्या वर ठेवायचे असतात, कारण तीच शहरं पुन्हा पेटावीत हाच खेळाचा गाभा. ते पूर्ण गड्डीत मिसळले की खेळ पाणचट होतो आणि मग लोक म्हणतात, ‘यात काही दम नाही.’

इस्पिकराणी

पँडेमिकमध्ये कच्चं लिंबू नसतं? उलट तिथे एक सोडून सगळेच कच्चं लिंबू होतात. प्रत्येकाला पाळीला चार कृती. ज्याला खेळ जास्त कळतो तो सांगत सुटतो, ‘तू दिल्लीला जा, दोन ठोकळे उचल, तो पत्ता मला दे.’ मूल फक्त प्यादं हलवतं. त्यापेक्षा स्पर्धेत हरलेलं बरं, निदान निर्णय तरी स्वतःचा असतो.

सहकारीच हवा असेल तर बोलण्यावर बंधन असलेला निवडा. ज्या घरात मेंढीकोट मुरलाय तिथे द क्रू लगेच रुजतो (टॉमस झिंग, २०१९). चाळीस पानं: चार रंग, १ ते ९, आणि चार रॉकेटं, हाच कायमचा हुकूम. उतारीचा रंग असेल तर तोच टाकायचा, हे आजीलाही सांगावं लागत नाही. फरक एवढाच की हात जास्त करायचे नसतात. अमुक पान अमुक भिडूच्याच हातात पडलं पाहिजे, अशी कामं असतात. पत्ते मुरलेल्यांचीच इथे पंचाईत होते. सवयीने मोठं पान टाकून हात ओढला जातो आणि दुसऱ्याचं काम बुडतं. प्रत्येकाला एका मोहिमेत एकदाच एक पान उघडं ठेवून ‘या रंगातलं माझं हे सगळ्यात मोठं’, ‘सगळ्यात लहान’ किंवा ‘एकमेव’ एवढंच सांगता येतं. भुवया उडवणं, खाकरणं, पान आपटणं बंद. जोडीदाराला खुणा करायची सवय मोडायला वेळ लागतो, पण दहा वर्षांचं मूल आणि सत्तरीचे आजोबा खऱ्या अर्थाने बरोबरीत येतात ते इथेच.

लाल ठोकळा

सांगत सुटणारा माणूस हा खेळाचा दोष नाही. तरी उपाय आहे: ज्याची पाळी, त्याने विचारल्याशिवाय कुणी बोलायचं नाही.

इस्पिकराणी

म्हणजे तुम्हीही नियम बदललातच की. :)

शब्दखूण

सगळे नियमांवर भांडताय, पण आपल्या घरांत खरं कच्चं लिंबू होतात ती इंग्रजी सफाईने न वाचणारी माणसं. कोडनेम्समध्ये (व्लादा ख्वातिल, २०१५), म्हणजे एका शब्दाच्या खुणेवरून आपल्या संघाचे शब्द ओळखायच्या खेळात, आजी बसते तेव्हा बाकीचे तिला शब्दांचे अर्थ सांगत राहतात. सवलत कितीही द्या, ती त्या डावात पाहुणीच राहते.

उपाय अर्ध्या तासाचा आहे. जाड कार्डशीट आणा, सहा बाय चार सेंटिमीटरचे शंभर तुकडे कापा, दोन्ही बाजूंना एकेक मराठी शब्द जाड अक्षरात लिहा. पाच बाय पाचची मांडणी आणि किल्लीचं कार्ड मूळ खेळातलंच: पहिल्या संघाचे ९, दुसऱ्याचे ८, कुणाचेच नसलेले बघे ७, आणि निवडला की डाव घालवणारा मारेकरी १.

शब्द निवडताना अनेक अर्थांचे घ्या. मराठीत त्यांची खाण आहे: पान, पाट, माळ, कात, तार, वर, कर, वार, खण, घाट, नाव, पट. एकट्या ‘पाना’तच झाडाचं, पुस्तकाचं, पत्त्यांचं, विड्याचं आणि जेवणाचं असे पाच अर्थ. समजा तुमच्या संघाचे शब्द पान, पाट, कात, आणि मारेकरी आहे ‘सुपारी’. ‘विडा, २’ (म्हणजे खूण आणि तिच्यात बसणाऱ्या शब्दांची संख्या) म्हणालात तर संपलात, कारण पान आणि कात यांच्या जोडीला सुपारी हात वर करून उभी आहे. ‘पंगत, २’ म्हणा, म्हणजे पान आणि पाट मिळतील. कातीला पुढच्या पाळीत ‘साप’ द्या. ही झटापट आजीला नातवापेक्षा जास्त जमते.

एक अडचण येते: एक शब्द म्हणजे नक्की काय? खूण मूळ रूपात द्यावी, ‘पाण्यात’, ‘घरी’ चालणार नाही. टेबलावर ‘पाणी’ असेल तर ‘पाणवठा’ बाद. देवघर, माजघर असे रूढ जोडशब्द चालतील, पण टेबलावर ‘घर’ किंवा ‘देव’ नसेल तरच. शंका आली तर समोरच्या संघाच्या खूण देणाऱ्याने होकार द्यायचा.

मेंढीकोट

@सोंगटी, आता काय म्हणाल? इथे तर अख्खे पत्तेच बदललेत.

सोंगटी

पत्ते बदललेत, नियम एकही मोडलेला नाही. ९-८-७-१ तसंच आहे, मारेकरी तसाच आहे, आजीलाही तो तसाच मारतो. मी म्हणतोय ते हेच. याला माझा पूर्ण पाठिंबा.

बोरकूट

पाच वर्षांच्या मुलाचं काय? ८ गुण, ठिपके, उतारी, यातलं काहीच त्याला लागू नाही. त्याला झोपवून खेळायचं का?

सोंगटी

त्याच्यासाठी ओब्स्टगार्टन नावाचा जर्मन खेळ आहे, १९८६ पासूनचा. चार झाडं, प्रत्येकावर दहा लाकडी फळं, आणि कावळ्याचं नऊ तुकड्यांचं चित्र. फाशावर रंग आला तर त्या झाडाचं एक फळ आपल्या टोपलीत, टोपली आली तर कोणतीही दोन, कावळा आला तर चित्राचा एक तुकडा लावायचा. चित्र पुरं व्हायच्या आत सगळी फळं उतरवायची. टोपली आली की ज्या झाडावर सगळ्यात जास्त फळं शिल्लक आहेत तिथलीच घ्यायची, एवढा एकच डावपेच. एक झाड लवकर रिकामं झालं की तो रंग पडलेला प्रत्येक फासा वाया जातो आणि कावळा मात्र थांबत नाही. हे त्याला सांगू नका, दोन डाव हरू द्या, तिसऱ्याला तो स्वतःच भरलेल्या झाडाकडे हात नेईल.

मेंढीकोट

पाच वर्षांच्याला दोन डाव हरू द्यायचे? यावर उद्या सविस्तर लिहितो. असहमत आहेच.